हलगी कुठं ठेवायची?

विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं मोबाईलवर रॅप रेकॉर्ड करून घरी ऐकवला. बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, दणकेबाज, पोराचा आवाजही खणखणीत. ऐकून माझी बहीण म्हणाली, "चांगलं हाय, पण काय म्हणतोयस ते कळंना रं." त्यानं ओरडून म्हणून पाहिलं. आणखीच कालवा झाला. शेवटी वैतागून दुसरा बीट घेतला: नुसता ड्रम, खाली थोडा बेस, बाकी मोकळं रान. शब्द तेच, वेग तोच, आणि पोरगं एकदम तयारीचं वाटायला लागलं.

यातलं निम्मं गुपित कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्या तोंडाजवळचा पडदा उंच आवाजांना हलतो, आतल्या टोकाचा खर्जाला. खर्जाची लाट आत जाताना वाटेतला पडदाही हलवत जाते, म्हणून मोठा बेस वरच्या बारीक आवाजांना गिळतो. उलटं तितकंसं होत नाही. किक ड्रमची, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमची, ताकद साधारण ५० ते १०० हर्ट्‌झला, पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १५०च्या आसपास. पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि 'ट', 'च', 'स' यांची खूण बरीच वर, २,००० हर्ट्‌झच्या पुढे सापडते. भाच्याच्या पहिल्या बीटमध्ये नेमकी तिथंच सिंथची (इलेक्ट्रॉनिक सुरांची) भिंत आणि हाय-हॅटची (ड्रमसोबतच्या झांजांची) अखंड चिवचिव होती. ओरडल्यावर 'आ', 'ओ' फुगतात. व्यंजनं त्या मानानं मागंच राहतात.

बीट आणि रॅपरची जोडी जुळवताना म्हणूनच आवाजाचा पोत बघावा लागतो. 'गँग स्टार' या अमेरिकी जोडीतला गुरू हा रॅपर जवळजवळ एकाच सुरात, न ओरडता बोलायचा. भरगच्च वाद्यमेळात असा आवाज विरघळून गेला असता. त्याचा जोडीदार, बीट बनवणारा डीजे प्रीमियर, त्याच्याखाली जुन्या रेकॉर्डमधले मोजके तुकडे कापून फिरवत ठेवायचा, करकरीत स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) द्यायचा, आणि स्क्रॅचिंगची, म्हणजे रेकॉर्ड हातानं मागंपुढं घासायची, करामत बहुतेक वेळा धृपदासाठी राखून ठेवायचा. गुरूच्या सपाटपणाला धार आली ती या मोकळ्या जागेमुळे. प्रीमियरचा बीट भारी होताच, पण तो या माणसासाठी भारी होता.

उरलेलं निम्मं वेळेचं, आणि ते कवितेच्या मात्रा मोजलेल्या मराठी माणसाला खरं तर ओळखीचं. मिनिटाला ९० ठोक्यांचा बीट घ्या. चार ठोक्यांचं एक आवर्तन २.६७ सेकंदांचं. त्याचे सोळा समान भाग केले की सेकंदाला सहा भाग पडतात. लघु अक्षराला एक, गुरूला दोन. (हा गुरू वेगळा!) पद्मावर्तनी रचनेतली आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं या सोळा भागांत अलगद मावतात. लघु-गुरू मिसळले की सेकंदाला चारेक अक्षरं होतात, म्हणजे आपल्या बोलण्याच्याच जवळचा वेग.

पण सगळंच असं मापात बसवलं की पाढे म्हटल्यासारखं होतं. १९८७च्या 'पेड इन फुल' या अल्बमवर डीजे एरिक बी.सोबतचा रॅपर रकीम वाक्य आवर्तनाच्या शेवटी संपवत नाही, पुढच्यात ओढून नेतो, यमकं ओळीच्या पोटात पेरतो. खाली ड्रम ठाम असतो म्हणूनच ही ओढाताण कानाला जाणवते. संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ड्रमचे वेगवेगळे ठेके ऐकवून लोकांना विचारलं होतं की, कशावर अंग हलवावंसं वाटतं? फार सरळ ठेका नको, फार गुंतागुंतीचाही नको; मधलाच आवडला. त्या प्रयोगात रॅप नव्हता. तरी माझा अंदाज असा, की बीट आणि रॅपर मिळून गुंतागुंतीचा एकच वाटा खर्च करतात. रॅपर तिरका चालणार असेल तर बीटनं सरळ राहावं.

भाच्याला आता स्नेअरच्या जागी हलगी हवी आहे. कुस्तीच्या मैदानातली, शेकोटीवर तापवलेली. तापल्यानं कातडं ओलावा सोडून ताणलं जातं, त्यामुळे आवाज चढतो आणि बारीक काडीचा कडकडाट गर्दीच्या पार पलीकडं पोचतो. म्हटलं, "हा कडकडाट बरोबर तुझ्या 'ट' आणि 'च'च्याच घरात शिरणार."

"मग नको म्हणता काय, मामा?"

"ठेव की. फक्त तू श्वास घेतोस तिथं."