काजूबाग-दर्शन

काजूबाग-दर्शन : उत्पादनात असलेल्या काजूच्या बागेत बागायतदाराच्या किंवा जाणकार मार्गदर्शकाच्या सोबतीने फिरून लागवड, फळधारणा, बी-वेचणी व प्रक्रिया यांची माहिती घेण्याची प्रथा. ती मुख्यतः महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत आणि शेजारच्या गोव्यात आढळते.

प्रथेचे मूळ बहुधा पर्यटनात नसून शेतकऱ्यांच्या शिवारफेऱ्या व अभ्यास सहली यांत असावे. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासून कार्यरत असून पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील मातृवृक्ष (कलमांसाठी काड्या पुरविणारी निवडक झाडे) व कलमे पाहण्यास बागायतदार येत. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे १९९० नंतर कोकणातील काजूखालील क्षेत्र वाढले, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. हौशी पाहुण्यांसाठी शुल्क आकारून बाग दाखविण्याचा व्यवहार या काळात रुळलेला दिसतो.

बहुतेक मार्गदर्शक सुरुवातीला काजूच्या आगमनाची कथा सांगतात. पोर्तुगीजांनी डोंगरउतारावरील मातीची धूप थांबविण्यासाठी हे झाड गोव्यात आणले, असे तिचे सर्वपरिचित रूप आहे. काजू (कुल–ॲनाकार्डिएसी, आम्रकुल) मूळचा ईशान्य ब्राझीलचा आणि तो पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला, याविषयी मतभेद नाही. मतभेद काळ, प्रथम स्थान व हेतू यांविषयी आहेत. अनेक ग्रंथकार १५६०–७० हे दशक व गोवा हे ठिकाण मानतात. मात्र पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात काजूचा उल्लेख नाही, तर दुसरा पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोव्हाँव द कोश्त याच्या १५७८ च्या ग्रंथात कोचीन येथील झाडाचे वर्णन आढळते. त्यामुळे काही अभ्यासक कोचीनला अग्रक्रम देतात. अनुल्लेख म्हणजे अभाव नव्हे, हे लक्षात घेता गोवा-पक्ष यावरून निकालात निघत नाही. परंतु १५६३ पूर्वी काजू गोव्यात सर्रास होता, असे मानणेही कठीण आहे. धूप-नियंत्रणाच्या हेतूला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. ब्राझीलमध्ये बोंडू (बीमागील फुगीर, रसाळ देठ) खाल्ला जाई व त्याच्या रसाचे मद्यही करीत; झाड आणण्यामागे फळाचे हे आकर्षण असणे अधिक संभवनीय वाटते. जांभ्याच्या उथळ जमिनीत ते तग धरते, हा गुण पुढे उपयोगी ठरला.

भेटीस योग्य हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते मे हा होय. मोहोर पाहावयाचा असल्यास डिसेंबर-जानेवारीत जावे लागते. एकाच मोहोरात नर व द्विलिंगी फुले असतात आणि त्यांतील थोड्याच फुलांना फळ धरते. बी आधी वाढते : ती हिरवी, फुगीर होऊन पूर्ण आकार घेते, मग आकसून राखी व कठीण होते, आणि त्यानंतर शेवटच्या काही दिवसांत तिच्यामागील देठ रसाने फुगून बोंडू बनतो. वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या बी म्हणून वेचले जाते तेच खरे फळ आणि बोंडू आभासी फळ. एकाच फांदीवर या सर्व अवस्था शेजारी-शेजारी दिसत असल्यामुळे हा भाग झाडाखाली उभे राहूनच समजतो.

जुन्या बियांपासून वाढलेल्या झाडांशेजारी कलमी बाग दाखविणे उपयुक्त असते. सुधारित जातींपैकी वेंगुर्ला–४ चा बोंडू लाल, तर वेंगुर्ला–७ चा पिवळा व बी सु. १० ग्रॅ. वजनाची असते. मृदकाष्ठ पद्धतीची (रोपाच्या कोवळ्या, मऊ शेंड्यावर काडी बांधून केलेली) कलमे सु. ७ मी. अंतरावर लावतात व ती तिसऱ्या वर्षापासून फळू लागतात. ढेकण्या या किडीने रस शोषल्यामुळे करपलेली पालवी व मोहोर, तसेच रोठा या खोडकिडीने पोखरलेल्या बुंध्यातून बाहेर पडलेला भुसा हेही दाखविले जाते. चांगली बाग दाखविणारा बागायतदार ते लपवीत नाही.

पक्व बी बोंडूसह गळून पडते. ती खालून वेचून, पीळ देऊन बोंडूपासून अलग करतात. पाण्यात टाकली असता भरलेली बी बुडते व पोचट तरंगते, ही परीक्षा पाहुण्यांकडून करवून घेतली जाते. वेचलेली बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवितात. ओले काजूगर काढण्याचे काम मात्र पाहुण्यांच्या हाती देऊ नये. टरफलातील तेलात ॲनाकार्डिक अम्ल व कार्डोल ही दाहक द्रव्ये असून त्यांनी कातडी भाजते. सोलणाऱ्या स्त्रिया हातांना खोबरेल तेल किंवा राख लावून बसतात. कच्ची बी दातांनी फोडण्याचा मोह लहान मुलांना होतो, म्हणून ही सूचना बागेत शिरण्यापूर्वीच द्यावी लागते.

प्रक्रिया-घटक जवळ असल्यास बी वाफवणे, पायाने चालणाऱ्या कटरवर फोडणे, गर वाळवून साल काढणे व आकारानुसार प्रतवारी हे टप्पे दिसतात. प्रतीच्या नावातील आकडा (उदा., डब्ल्यू–२४०, डब्ल्यू–३२०) एका पौंडात बसणाऱ्या अख्ख्या गरांची संख्या दर्शवितो, आकडा जितका लहान तितका गर मोठा.

गोव्यातील भेटींत भर बोंडूवर असतो. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवून भट्टीवर पहिल्या ऊर्ध्वपातनात हुर्राक व पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी मिळते. गोव्याच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात बोंडूपासून सरबत व सिरप करतात, तरी बोंडूंचा मोठा वाटा बागेतच कुजतो.