सोलापुरातला मारिओ सावकाश का पळायचा?

नव्वदच्या दशकात सोलापुरात घरच्या डब्बा टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळलेल्या कुणालाही आज त्याच गेमची कंपनीने नव्याने काढलेली आवृत्ती खेळायला द्या. दोन मिनिटांत तो म्हणेल, ‘हे लई पळायलंय बे.’ मग आपलंच वय झालं, बोटं जड झाली, असं म्हणून रिमोट पोराच्या हातात देईल. वयाचा इथे काही संबंध नाही. नवा मारिओ खरंच जास्त वेगाने पळतो, आणि किती वेगाने तेही सांगता येतं: जुना जेवढ्या वेळात पाच पावलं टाकायचा, तेवढ्यात नवा सहा टाकतो.

कारण मारिओत नाही, टीव्हीत आहे. त्या काळच्या गेमला सेकंद ठाऊक नसायचा, फ्रेम ठाऊक असायची. टीव्हीने पडदा एकदा वरून खालपर्यंत रंगवला की एक फ्रेम झाली. तेवढ्या वेळात बटण दाबलंय का ते पाहायचं, मारिओला ठरल्याइतकं पुढे सरकवायचं, गाण्याचा पुढचा तुकडा वाजवायचा, सगळा हिशेब फ्रेममागे एकदा. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचे. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये वरच्या कोपऱ्यात ४०० पासून उलटा मोजणारा आकडा आठवा. तो सेकंद मोजत नाही. दर २४ फ्रेम झाल्या की तो एकाने उतरतो. ४०० गुणिले २४, म्हणजे ९,६०० फ्रेम. साठच्या टीव्हीवर हे १६० सेकंद होतात, पन्नासच्या टीव्हीवर १९२. सोलापूरच्या पोराला टोकियोच्या पोरापेक्षा अशा प्रत्येक फेरीत ३२ सेकंद जास्त मिळत होते. अर्थात मारिओही त्याच प्रमाणात मंद, त्यामुळे वेळेचा फायदा असा काही नव्हता. विचार करायला सवड मात्र जास्त होती. खड्डा हळू जवळ यायचा, कासव हळू यायचं.

युरोपातही टीव्ही पन्नासचाच. तिथे निन्टेन्डोने, म्हणजे मारिओ काढणाऱ्या जपानी कंपनीने, या गेमची वेगळी आवृत्ती काढून मारिओचा वेग वाढवून घेतला होता. आपल्याकडे घरोघरी जी मशीनं होती ती निन्टेन्डोची नव्हतीच. ती नकलेची मशीनं, आणि त्यांच्या ‘९९९९९९९ इन १’ म्हणवणाऱ्या पिवळ्या-लाल कॅसेटमध्ये साठच्या हिशेबाने लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा भरलेला. (लाखो गेमचा तो दावा कॅसेट घालताच उघडा पडायचा. दहा-वीस गेम, बाकी त्यांचीच उजळणी.)

नकलेबद्दल एक गोष्ट मात्र कौतुकाने सांगावी लागते. निन्टेन्डोच्या युरोपीय मशीनचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालायचा, जपानी-अमेरिकी मशीनचा १.७९ वर. आवाज त्याच घड्याळातून काढला जात असल्याने, बदल न केलेला गेम युरोपीय मशीनवर लावला तर गाणं सावकाश तर व्हायचंच, वर एका पट्टीपेक्षा थोडं जास्तच खाली उतरायचं. पाल टीव्हीसाठी तैवानमध्ये ज्या नकली चिप बनल्या, त्यांच्या कारागिरांनी हे घड्याळ १.७७ वर ठेवलं. फरक एक टक्क्याहून कमी, कानाला न कळणारा. शिवाय पडद्याची एक ओळ रंगेपर्यंत प्रोसेसरची जेवढी पावलं जपानी मशीनमध्ये पडायची तेवढीच इथेही पडतील, असं गणित त्यांनी जमवलं, आणि पाल टीव्हीच्या जास्तीच्या ओळी अशा जागी सरकवल्या की गेमला त्यांचा पत्ताच लागू नये. त्यामुळे युरोपातल्या अस्सल मशीनवर अडखळणाऱ्या कॅसेटी नकलेवर नीट चालायच्या. गाण्याचं म्हणाल तर आपण ऐकलेलं मारिओचं गाणं पट्टीला बरोबर आणि लयीला विलंबित होतं. हे मिश्रण ना जपानने ऐकलं, ना अमेरिकेने.

आजच्या काही चांगल्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, देश निवडायच्या यादीत ‘डेंडी’ असा एक पर्याय असतो. डेंडी हे रशियात गाजलेल्या अशाच एका नकली मशीनचं नाव. तो पर्याय निवडा, सोलापूरचा मारिओ परत येतो. नव्या आवृत्तीची मूळ गेमशी तुलना करणारे लोक मूळ म्हणजे जपानी किंवा अमेरिकी मशीन धरून चालतात. आपल्यापुरतं मूळ म्हणजे हीच नक्कल. तिच्याशी ताडून पाहिलं तर कंपनीची अधिकृत आवृत्तीच वेगळी निघते.

आता चित्राकडे वळू. मारिओच्या मशीनचं चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचं. हे ठिपके चौरस असतील असं आपण धरून चालतो, पण टीव्हीवर ते चौरस नव्हते. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर आठास सात या प्रमाणात थोडे रुंद होते. सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या जॅकार्ड डिझायनरला हे समजावून सांगावं लागणार नाही. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढतात आणि मग त्यावरून पंचकार्डं पाडतात. इंचात ताण्याचे धागे जितके, तितकेच बाण्याचे नसतील, तर कागदावरची घरंही त्या प्रमाणात लांबट आखावी लागतात. नाहीतर कागदावरचं गोल फूल चादरीवर चपटं उतरतं. आणि विणून आलेली नक्षी कागदासारखी करकरीत कधीच नसते. सूत थोडं फुगतं, शेजारच्या रंगात मिसळतं, घराची कड मऊ पडते. डिझायनर हे सगळं धरूनच घर भरतो. गेमचे चित्रकारही पिक्चर ट्यूब धरूनच ठिपके भरत होते.

निन्टेन्डोने २०१६ मध्ये जुन्या मशीनची छोटी आवृत्ती काढली, ३० गेम आत भरलेले. तिच्यात चित्र दाखवायचे तीन प्रकार होते. एकात ठिपके अगदी चौरस, एकात जुन्या टीव्हीसारखी रुंदी, आणि एकात जुन्या टीव्हीच्या ओळींचा आभास. चौरस ठिपक्यांचं नाव ‘पिक्सेल परफेक्ट’, आणि नावाला भुलून बरेच जण तेच लावतात. त्यात गोल वस्तू उभट दिसतात आणि मारिओ वाळलेला.

रंगांचं प्रकरण याहून गमतीचं आहे. जुन्या जोडणीत रंग आणि उजेड एकाच तारेतून एकत्र यायचे, आणि टीव्हीला ते पुरते वेगळे करता यायचे नाहीत. रंग शेजारच्या ठिपक्यात ओघळायचा. सेगा कंपनीच्या १९९१ च्या ‘सॉनिक’मध्ये धबधबे आहेत. मशीनला अर्धपारदर्शक रंग दाखवता येत नव्हता. चित्रकारांनी एक उभी रेघ पाण्याची, एक मोकळी, अशा एकाआड एक रेघा ओढल्या. जुन्या तारेतून जाताना त्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाण्याआडचा सॉनिक दिसायचा. तोच गेम आज एचडीएमआयच्या स्वच्छ तारेतून दाखवला की धबधब्याच्या जागी कंगवा दिसतो.

म्हणून नव्या आवृत्त्यांत जुन्या टीव्हीचा फिल्टर देतात. माझं मत विचाराल तर त्यातले बरेचसे अतिशयोक्त असतात. ठळक काळ्या आडव्या ओळी व्हिडिओ गेम पार्लरच्या चांगल्या मॉनिटरवर दिसत असतील. अँटेनाच्या भोकातून जोडलेल्या १४ इंची टीव्हीवर, ट्यूनिंग जेमतेम जमलेलं असताना, ओळी कुठल्या दिसणार! तिथे दिसायचा तो मऊपणा आणि थोडी मुंगी.

टीव्हीवरची बदकं टिपायच्या ‘डक हंट’ गेमची बंदूक हा या सगळ्याचा कळस. पुष्कळांना वाटायचं की बंदुकीतून काहीतरी किरण सुटतो. सुटत काहीच नव्हतं. बंदूक फक्त पाहायची. चाप ओढला की गेम पुढच्या फ्रेमला सगळा पडदा काळा करायचा. त्यानंतरच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढायचा. बदकं दोन असतील तर आधी एकाचा चौकोन, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याचा. नळीच्या तळाशी एक उजेड ओळखणारा डोळा. काळ्या फ्रेमला अंधार आणि नेमका त्यानंतर उजेड दिसला, तर बदक पडलं. कुठल्या फ्रेमला दिसला यावरून कुठलं बदक तेही कळायचं. बंदूक बल्बकडे धरून फसवायचा उद्योग अनेकांनी करून पाहिला. काळ्या फ्रेमलाही उजेड दिसला की गेम तो नेम मोजत नसे. शिवाय त्या डोळ्याला पिक्चर ट्यूबची सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा होणारी लुकलुकच तेवढी ओळखता यायची.

आजच्या सपाट टीव्हीत ती लुकलुक नाही, आणि चित्र पडद्यावर यायलाही उशीर लागतो. चौकोन उमटेपर्यंत गेमने निकाल लावलेला असतो. जुनी बंदूक नव्या टीव्हीपुढे आंधळी. २०१४ मध्ये हा गेम निन्टेन्डोच्या वी-यू मशीनवर पुन्हा आला तेव्हा मांडणीच उलटी करावी लागली. टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीतून न दिसणारा अवरक्त उजेड येतो, हातातल्या रिमोटमधला कॅमेरा तो पाहतो, आणि आपला नेम कुठे आहे ते मशीन हिशेबाने काढतं. बदकं तीच, नेम चुकला की हसणारा कुत्रा तोच आणि त्याचं हसणंही तेच.

उशीराचा जाच बंदुकीपुरता नाही. पिक्चर ट्यूब आलेलं चित्र थेट रंगवायची. सपाट टीव्ही आधी ते साठवतो, मोठं करतो, सजवतो आणि मग दाखवतो. त्यात काही फ्रेम सहज जातात, आणि उडी खड्ड्याच्या काठावर चुकते. टीव्हीतला ‘गेम मोड’ ही सजावट बंद करतो, तो लावावाच. काही इम्युलेटर तर पुढची फ्रेम गुपचूप आधीच खेळून पाहतात आणि बटण दाबल्यावर तिथून मागे येऊन दुरुस्ती करतात. त्यामुळे गेमच्या आतला उशीरही कापला जातो.

जुन्या मशीनचा तोकडेपणा कधी खेळाचा भागच होऊन बसला होता. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ परग्रहवासी असतात. मशीन एका फ्रेमला त्यांतल्या एकालाच हलवू शकायचं, म्हणून सगळ्यांचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद लागायचा. गोळ्या घालत गेलात की हलवायचे कमी राहतात, आणि उरलेले आपोआप पळत सुटतात. तो ताण कुणी बसून रचलेला नव्हता. आजच्या मशीनवर हा गेम नव्याने लिहिताना तो मुद्दाम घालावा लागतो. ‘काँट्रा’ या गोळीबाराच्या गेममध्ये गर्दी झाली की गोळ्या लुकलुकायच्या, कारण एका ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं मशीनला झेपत नसत. ही मर्यादा काढून टाकली तर गेम स्वच्छ दिसतो. मला ती असलेलीच आवडते, पण हा निव्वळ सवयीचा मामला आहे.

सायबर कॅफेत तासाच्या दराने ‘जीटीए व्हाइस सिटी’ खेळलेली पुढची पिढी वेगळ्या कारणाने चिडली. २०२१ मध्ये त्या मालिकेतले तीन गेम सजवून परत आणले. ‘सॅन अँड्रियास’मध्ये पूर्वी लांबवर धुकं असायचं. जुन्या मशीनला दूरचं शहर काढायला जमत नव्हतं, धुक्याने ते झाकलं जायचं. नव्यात सुरुवातीला ते धुकंच काढलं. उंचावर चढून पाहिलं तर तिन्ही शहरं शेजारी-शेजारी, सगळा मुलूख एखाद्या बागेएवढा. जुनी चित्रं मोठी करायचं काम संगणकावर सोपवलेलं, त्यामुळे पाट्यांवरची अक्षरं बिघडली. सगळ्यात बोलकं उदाहरण एका डोनटच्या दुकानावरच्या नटाचं. दुकानाच्या नावात नट आहे म्हणून छपरावर षटकोनी नट होता, बोल्टाला लावतात तसा. त्याच्या कडा म्हणजे जुन्या मशीनचा ओबडधोबडपणा असं धरून त्या घासून गोल केल्या. श्लेष संपला, नुसतं कडं उरलं. शेवटी रॉकस्टार कंपनीने माफी मागून संगणकावरच्या ग्राहकांना जुने गेमही परत दिले.

राहता राहिला मुस्तफा, म्हणजे ज्या गेमला आपण त्यातल्या एका नायकाच्या नावाने ओळखायचो तो. पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळायचा तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तो एका अमेरिकी कॉमिकवर बेतलेला, म्हणजे नव्याने काढायचा तर कॅपकॉमशिवाय दुसऱ्याचाही परवाना हवा. २०१८ मध्ये कॅपकॉमने अशा मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात तो नव्हता. सध्या बहुतेक जण तो मोबाइलवर खेळतात आणि पूर्ण पडद्यावर ताणतात. मग मुस्तफा पैलवानासारखा रुंद दिसतो. चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं असलं तरी मूळ पडदा चारास तीन होता, त्यामुळे तिथे ठिपके उभट होते. सेटिंगमध्ये चारास तीन लावलं की तो अंगाने नीट होतो. पार्लरच्या मशीनमधला मूळ बोर्ड सेकंदाला ५९.६ फ्रेम दाखवायचा, मोबाइल बहुधा ६० दाखवतो, हा फरक सोडून द्यायला हरकत नाही. आणि आशेला जागा आहे. कॅपकॉमचा त्याच वर्षीचा, तसाच दुसऱ्याच्या परवान्यात अडकलेला ‘पनिशर’ २०२४ च्या एका संचात अधिकृतपणे परत आला.