कमांड लाइन साधनांतील मेमरी-सुरक्षा दोषांची दुरुस्ती

मजकूर, संख्या किंवा जेसॉनसारख्या (माहितीची देवाणघेवाण करण्याची एक मजकूररूप पद्धत) रचनेतील माहिती वाचून, गाळून आणि रूपांतरित करून पुढे देणाऱ्या कमांड लाइन प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या वाट्याला न आलेल्या मेमरीत लिहिणे, तेथून वाचणे किंवा परत केलेली मेमरी पुन्हा वापरणे, अशा चुका शोधून त्या सोर्स कोडमध्ये दूर करण्याची ही प्रक्रिया आहे. या वर्गातील अनेक साधने सी भाषेत लिहिलेली आहेत. त्या भाषेत ॲरेची, म्हणजे ओळीने मांडलेल्या मूल्यांच्या यादीची, सीमा तपासणे आणि मागून घेतलेली मेमरी योग्य वेळी परत करणे ही सर्वस्वी प्रोग्रॅमरची जबाबदारी असते; चूक झाली तरी प्रोग्रॅम लगेच बंद पडेलच असे नाही, आणि बहुतेकदा हीच खरी अडचण ठरते.

आज्ञा वापरणाऱ्यानेच टाइप केलेली असल्यामुळे अशा साधनाला बाहेरून धोका नाही, अशी समजूत पूर्वी सर्रास होती. आज्ञा आपली असली तरी माहिती आपली नसते, हे तीत सुटून जाते. दूरच्या सर्व्हरचे उत्तर पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून, थेट साधनाकडे जाते, तेच साधन स्क्रिप्टमधून कोणाच्याही देखरेखीविना चालते, आणि मुद्दाम घडवलेली एक संख्या त्याला कोलमडवू शकते. बफरच्या, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी राखलेल्या मेमरीच्या, बाहेर लिहिले गेल्यास कोलमडण्यापलीकडचा अनर्थही संभवतो.

जेसॉन हाताळणारे ‘जेक्यू’ हे साधन या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यातील दोषांची नोंद सार्वजनिक आहे आणि एकच प्रकारची चूक पुन्हा कशी डोके वर काढते हे तीत स्पष्ट दिसते. सीव्हीई-२०१५-८८६३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांना दिला जाणारा सार्वजनिक नोंद क्रमांक) हा दोष पार्सरमध्ये, म्हणजे इनपुट वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागात, होता. येणारी अक्षरे साठवणारा बफर भरला की तो वाढवला जाई. मात्र मजकुराच्या शेवटी लिहावयाच्या शून्य-बाइटची जागा त्या हिशेबात धरलेली नव्हती. परिणामी २५६ बाइटांपेक्षा लांब संख्या आली की हीपमध्ये (प्रोग्रॅमने चालताना मागून घेतलेल्या मेमरीत) बफरच्या पुढचा एक बाइट लिहिला जाई. दुरुस्ती अट एकाने अलीकडे आणण्याची, म्हणजे जेमतेम एका ओळीची होती. २०२३ मध्ये नोंदवलेल्या सीव्हीई-२०२३-५०२४६ मध्ये, वेगळ्या फाइलमध्ये आणि वेगळ्या निमित्ताने, दशमान संख्येचा मजकूर करताना पुन्हा जागा कमी पडली. दुरुस्तीच्या अशा तुकड्याला पॅच म्हणतात; पॅच या शब्दाला मराठीत ठिगळ म्हणता येईल, पण ठिगळ फाटलेल्या जागीच बसते. येथे जागेची तीच बेरीज आणखी कोठे केली आहे, हे शोधणे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे असते.

२०२३ मध्येच नोंदवलेला दुसरा दोष, सीव्हीई-२०२३-५०२६८, अधिक बोधप्रद आहे. मोठ्या संख्यांचे अंक जसेच्या तसे टिकावेत म्हणून जेक्यूच्या १.७ आवृत्तीत ‘डेकनंबर’ ही दशमान अंकगणिताची लायब्ररी वापरात आली. दोन संख्यांच्या तुलनेचे उत्तर उणे एक, शून्य किंवा एक असेच येणार, या गृहीतावर त्या उत्तरासाठी स्टॅकवर (फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत) अगदी तुटपुंजी जागा राखलेली होती. परंतु दशमान अंकगणितात ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे दर्शवणारे मूल्य, आपल्यामागे अंकांची शेपटी बाळगू शकते. असे मूल्य तुलनेत आले की ती शेपटी नियमानुसार उत्तरात उतरते, आणि राखलेल्या जागेत न मावल्याने शेजारच्या मेमरीत सांडते. लायब्ररी आपल्या नियमाप्रमाणे बरोबर वागत होती. तिला बोलावणाऱ्याने तो नियम पुरता वाचला नव्हता. डिसेंबर २०२३ मधील १.७.१ आवृत्तीत ही तुलना सुधारण्यात आली. पुढे सीव्हीई-२०२४-५३४२७ या नोंदीत तेच शेपटीचे नॅन वजाबाकीच्या वाटेने आत शिरून पुन्हा स्टॅकवरील बफर ओलांडताना आढळले. २०२५ मधील १.८.० आवृत्तीने मात्र प्रत्येक वाट स्वतंत्रपणे बुजवण्याऐवजी, माहिती वाचतानाच असे नॅन नाकारण्याचा मार्ग घेतला. जेसॉनच्या प्रमाणात नॅनला मुळातच स्थान नसल्याने या नकारात कोणाचे फारसे नुकसान नव्हते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या वेळीच हा पर्याय निवडणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

पूर्णांकांच्या मर्यादेतून उद्भवणारे दोष वेगळ्या जातीचे असतात. ॲरेमधील २१४७४८३६४७ या स्थानी मूल्य ठेवण्यास सांगितले असता, पुढील लांबी काढताना ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा ओलांडली जाई (सीव्हीई-२०२४-२३३३७). येथे तपासणी गुणाकार-बेरजेच्या आधी करावी लागते. नंतर केलेली तपासणी निरुपयोगी असते, कारण सी भाषेत अशी मर्यादा ओलांडल्यास काय व्हावे हे ठरवलेलेच नसल्याने कंपाइलर (सोर्स कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारे साधन) ती तपासणीच वगळू शकतो.

परत केलेल्या मेमरीचा वापर हा प्रकार जेक्यूच्या अंतर्गत शिस्तीशी निगडित आहे. तेथे प्रत्येक मूल्याचे किती संदर्भ जिवंत आहेत याची मोजणी प्रोग्रॅमर हाताने ठेवतो, आणि फंक्शनला दिलेले मूल्य साधारणपणे त्या फंक्शनने संपवायचे असते. अशा रचनेत मूल्य सोडून दिल्यावरही त्याच्या पोटातील मजकुराकडे निर्देश करणारा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) हाती उरला, तर वाचणाऱ्याला कोड निर्दोषच भासतो. तारखेला मजकूररूप देणाऱ्या फंक्शनमधील सीव्हीई-२०२५-४९०१४ हा याच जातीचा दोष १.८.० मध्ये होता आणि १.८.१ मध्ये तो निघाला.

दुरुस्तीची सुरुवात दोष हमखास घडवून आणणाऱ्या सर्वांत लहान इनपुटपासून होते. ॲड्रेससॅनिटायझर या मेमरीतील चुका टिपणाऱ्या साधनासह कंपाइल केलेला प्रोग्रॅम कोणत्या ओळीवर किती बाइट बाहेर लिहिले गेले हे दाखवतो. व्हॅलग्राइंड हे दुसरे साधन ते काम पुन्हा कंपाइल न करता, पण बऱ्याच संथपणे करते. यादृच्छिक इनपुटांचा मारा करणारे फझिंग अशा चुका शोधण्यात माणसापेक्षा सरस ठरते, आणि गूगलने २०१६ मध्ये सुरू केलेली ओएसएस-फझ ही सेवा खुल्या प्रकल्पांसाठी ते अखंड चालवते. सापडलेले इनपुट पॅचबरोबरच चाचणीसंचात कायमचे ठेवले जाते, म्हणजे पुढे कोणी कोड सुटसुटीत करण्याच्या भरात जुनी चूक परत आणली तर चाचणी लगेच नापास होते.

पॅच तयार होणे आणि तो वापरणाऱ्यापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर पडू शकते. जेक्यूची १.५ आवृत्ती २०१५ मध्ये आणि १.६ आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. दरम्यान डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी पार्सरमधील दुरुस्ती १.५ वरच बसवून दिली. परिणामी साधन स्वतःची आवृत्ती जुनी सांगत असले तरी त्यातील दोष गेलेला असतो, आणि तो गेला की नाही हे ठरवण्यासाठी पॅकेजच्या बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक शोधावा लागतो. याउलट, एकसंध बायनरी (आधीच कंपाइल केलेली फाइल) म्हणून उतरवून कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या फाइलींच्या बंदिस्त गाठोड्यात, ठेवलेल्या प्रतीला वितरणाचे कोणतेही अद्यतन लागू होत नाही. ती हाताने बदलली जाईपर्यंत जशीच्या तशी राहते.