हंगामापुरता माणूस: परदेशी मजुरांच्या व्हिसामागचा इतिहास

परदेशी मजुराला कामापुरतं आत घ्यायचं आणि हंगाम सरला की परत धाडायचं, ही पद्धत आजच्या व्हिसापेक्षा जुनी आहे. १८८५ मध्ये प्रशियाने, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सर्वात मोठ्या राज्याने, परदेशी नागरिकत्व असलेल्या हजारो पोलिश लोकांना देशाबाहेर काढलं. मग पूर्वेकडच्या जमीनदारांना शेतीच्या कामाला माणसं मिळेनात. १८९० पासून पोलिश मजुरांना पुन्हा येऊ दिलं, पण हिवाळ्यात मायदेशी परतायच्या अटीवर. पुढे ओळखपत्रं सक्तीची झाली. त्यावर मजुराबरोबर मालकाचंही नाव असे आणि काम सोडून पळालेल्याला हद्दपार केलं जाई. हंगामी व्हिसाची सगळ्यात जाचक अट, एकाच मालकाशी बांधलेलं असणं, इथेच ठळक दिसते.

अमेरिकेने तर १८८५ मध्येच परदेशातून कराराने मजूर आणण्यावर बंदी घातली होती. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसं कमी पडली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार झाला. हीच ब्रासेरो योजना. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे हात, आणि ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. कागदावर करार चांगला होता: किमान मजुरी, राहायची सोय, येण्याजाण्याचा खर्च, करारातल्या दिवसांपैकी किमान तीन चतुर्थांश दिवस कामाची हमी. भेदभावाच्या तक्रारींमुळे मेक्सिकोने सुरुवातीला टेक्सासला मजूर द्यायलाच नकार दिला होता.

शेतात चित्र वेगळं होतं. कॅलिफोर्नियात बीट आणि लेट्यूसची विरळणी जेमतेम हातभर दांड्याच्या कुदळीने करावी लागे. मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडशी, म्हणत. दिवसभर कंबरेत वाकून सरीमागून सरी उरकायची. कोण पाठ सरळ करायला उभा राहिला, हे मुकादमाला लांबूनही कळे. ही कुदळ कॅलिफोर्नियात बंद झाली ती १९७५ मध्ये. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई. ती घरी परतल्यावर मिळायची होती, पण अनेकांना मिळालीच नाही. म्हातारपणी हे लोक त्या पैशांसाठी मोर्चे काढत होते. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वात जास्त लागते.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातल्या चुआलार गावाजवळ, बाकं टाकून बसचं रूप दिलेल्या एका ट्रकला रेल्वेने धडक दिली. शेतातून मुक्कामी परतणारे ३२ जण गेले. कामगार संघटक आणि अभ्यासक अर्नेस्तो गालार्सा यांनी या अपघाताचा पाठपुरावा केला. १९६४ अखेर योजना संपली. तोवर सुमारे ४६ लाख करार झाले होते. एकच माणूस अनेकदा येई, त्यामुळे माणसं त्याहून कमी.

पण परदेशी मजूर आणायचा दुसरा रस्ता उघडाच होता. १९५२ च्या कायद्यात एच-२ हा तात्पुरत्या कामाचा प्रवर्ग होता आणि फ्लोरिडाच्या उसात कॅरिबियन मजूर त्यावर येत. १९८६ मध्ये त्याचे दोन भाग झाले: शेतीसाठी एच-२ए, शेतीबाहेरच्या तात्पुरत्या कामांसाठी एच-२बी. एच-२बीवर वर्षाला ६६,००० ची मर्यादा आहे, एच-२एवर नाही. २०२३ मध्ये एच-२ए व्हिसांची संख्या ३ लाखांच्या वर गेली. तीन चतुर्थांश कामाची ब्रासेरो काळातली हमी एच-२एमध्ये आजही आहे.

इतर देशांचं थोडक्यात. कॅनडाने १९६६ मध्ये जमैकाच्या मजुरांपासून सुरुवात केली. ब्रिटनची १९४५ नंतरची योजना २०१३ अखेर बंद पडली आणि ब्रेक्झिटच्या तोंडावर, २०१९ मध्ये, २,५०० जणांच्या प्रयोगाने पुन्हा सुरू झाली. न्यूझीलंडने २००७ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या मजुरांसाठी दार उघडलं.

मालकाची गाठ मात्र हळूहळूच सैल होते आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने हंगामी मजुराला एकदा तरी मालक बदलायची मुभा दिली. अमेरिकेत जानेवारी २०२५ च्या नियमाने काम सुटल्यावर ६० दिवसांपर्यंत थांबता येतं. पण त्या मुदतीत मिळालेला नवा मालकही याच योजनेत रीतसर मंजुरी घेतलेला असावा लागतो, आणि तो शोधायचा असतो तेव्हा बहुतेकांच्या डोक्यावरचं छप्पर जुन्या मालकाचंच असतं.