ब्रिज डेला पुलावरून उडी मारायची आहे? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रांची माहिती

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फेयटव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. गावाशेजारी न्यू रिव्हरची खोल दरी आणि दरीवर पोलादी कमानीचा पूल. दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हा पूल वाहनांसाठी बंद करतात आणि सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत शेकडो माणसं ८७६ फुटांवरून पॅराशूट घेऊन खाली उड्या मारतात. हा ब्रिज डे. १९८० पासून चालत आलेला, बेस जंपिंगच्या जगातला सगळ्यात नावाजलेला दिवस.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या चार-पाच जणांनी मला विचारलं, "फॉर्म कुठे भरायचा?" माझं उत्तर दर वेळी एकच असतं. फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतात, पण त्यात जे लिहायचं असतं ते कमवायला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणून ही माहिती सविस्तर लिहितो आहे.

परवानगी एकाच दिवसाची का?

बेस हा शब्द इमारत, अँटेना, पूल आणि कडा या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला. विमानातून नाही, तर जमिनीवर ठाम उभ्या असलेल्या वस्तूवरून मारलेली उडी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावलीत कलम २.१७ आहे. त्यानुसार परवान्याशिवाय पॅराशूटनं माणूस किंवा वस्तू उतरवणं गुन्हा ठरतो. न्यू रिव्हरची दरी याच उद्यान विभागाकडे आहे आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही मिळाला. त्यामुळे ब्रिज डेच्या सहा तासांसाठी खास परवानगी घेतली जाते. पुलावर तुम्ही वैयक्तिक हक्कानं उभे नसता, आयोजकांच्या परवानगीच्या छत्राखाली उभे असता. तुमचा अर्ज म्हणजे त्या छत्राखाली येण्याची विनंती असते.

छत्र मिटायला वेळ लागत नाही, याचं उदाहरण आहे. १९८० च्या उन्हाळ्यात योसेमिटी उद्यानानं एल कॅपिटन कड्यावरून उड्या मारायला रीतसर परवाने दिले होते. काही जणांनी अटी मोडल्या आणि काही आठवड्यांतच ती योजना गुंडाळली गेली. ती आजतागायत सुरू झालेली नाही. ब्रिज डेचे स्वयंसेवक एखादा कागद अपुरा असला की ऐकून घेत नाहीत, त्यामागे ही आठवण आहे. मला त्यांचं वागणं योग्यच वाटतं.

पात्रता

वय किमान १८ पूर्ण हवं. पारपत्रावरच्या जन्मतारखेनं ते सिद्ध होतं, त्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

खरी अट अनुभवाची. किमान १०० स्कायडाइव्ह, म्हणजे विमानातून मारलेल्या १०० उड्या, ही अट बरीच वर्षं चालत आली आहे. प्रशिक्षकाला बांधून मारलेली टँडम उडी इथे अनुभव म्हणून उपयोगाची नाही. नोंदणी सुरू होते तेव्हा त्या वर्षीची नियमावली जाहीर होते. ती शब्दन् शब्द वाचा, कारण अखेरचा शब्द तिचाच.

आता १०० च का, हे समजून घ्या. स्कायडाइव्हिंगचं नेहमीचं पॅराशूट पूर्ण उघडायला साधारण ६०० ते १००० फूट खातं. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा, म्हणजे यूएसपीएचा, नियम असा की सी आणि डी परवानाधारकांनीही, म्हणजे सगळ्यात अनुभवी लोकांनीही, २५०० फुटांच्या खाली पॅराशूट उघडायला घेऊ नये. पूल आहे ८७६ फूट. काहीच केलं नाही तर पुलावरून नदी गाठायला जेमतेम आठ सेकंद लागतात. म्हणजे स्कायडाइव्हर ज्या उंचीवर "आता उशीर झाला" म्हणतो, त्याच्याही कितीतरी खालून तुम्ही सुरुवात करत असता. पाठीवर राखीव पॅराशूट नसतं, आपोआप उघडणारं यंत्रही नसतं. चुकलं तर दुरुस्त करायला वेळच उरत नाही. त्यामुळे पॅराशूट हाताळणं, दोऱ्यांचा पीळ सोडवणं, वारा बघून वळणं, नेमक्या जागी उतरणं हे सगळं अंगवळणी पडलेलं असावं लागतं. ते अंगवळणी पडायला शंभर उड्यासुद्धा कमीच, असं माझं मत. मी दीडशेच्या पुढे गेल्यावर अर्ज केला आणि तो निर्णय बरोबर होता.

विमान आणि पूल यांत आणखी एक फरक आहे, तो पहिल्यांदा जाणाऱ्याला दचकवतो. विमानातून बाहेर पडताच वाऱ्याचा झोत मिळतो, हात-पाय हलवून शरीर सावरता येतं. पुलावरून सुटल्यावर पहिली दोनेक सेकंद हवा जणू नसतेच. पाय सोडताना शरीर जसं असेल तसंच ते पुढे फिरत राहतं. मान खाली घातली की डोकं खाली जातं. म्हणून समोरच्या डोंगररेषेवर नजर, छाती पुढे आणि हलकी ढकल, एवढंच पुन्हा पुन्हा घोकून घेतात.

परवान्यांचा क्रमही माहीत असू द्या. यूएसपीएचा ए परवाना २५ उड्यांनंतर मिळतो, बी ५० नंतर, सी २०० आणि डी ५०० नंतर. बी परवान्यासाठी पाण्यात उतरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ब्रिज डेला ते फार उपयोगी पडतं, कारण दरीच्या तळाशी काठावरची जागा लहान आणि दगडगोट्यांची असते, आणि नवखे बरेच जण सरळ नदीत उतरतात. तिथे बचाव पथकाच्या बोटी तयार असतात. तरी भिजलेल्या कापडात गुरफटून पट्ट्यांतून सुटणं हे आधी तरणतलावात केलेलं असावं.

भारतात बसून शंभर उड्या करणं अवघड आहे. बहुतेक जण मूलभूत अभ्यासक्रम थायलंड, स्पेन किंवा अमेरिकेत करतात आणि सुट्ट्या जोडून उड्या वाढवतात. मनोबल हवं असेल तर पुण्याच्या शीतल महाजन यांच्याकडे बघा. २००४ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून. त्या वाटेवर पैशांची जुळवाजुळव किती करावी लागते हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

लॉगबुक: सगळ्यात महत्त्वाचा कागद

प्रत्येक उडीचा क्रमांक, तारीख, ठिकाण, विमान, उंची, मुक्त पतनाची सेकंदं आणि साक्षीदाराची सही. माझ्या लॉगबुकात एका परदेशी ड्रॉपझोनवरच्या, म्हणजे स्कायडाइव्हिंगच्या केंद्रावरच्या, चौदा उड्या सहीशिवाय राहिल्या होत्या. संध्याकाळी घाईत निघालो, "नंतर घेऊ" म्हटलं. पुढे अर्जाच्या वेळी त्या चौदांसाठी तीन महिने ईमेल केले, तेव्हा कुठे विमानाच्या नोंदवहीवरून खातरजमा झाली. तेव्हापासून पेन लॉगबुकाच्या कडेलाच अडकवलेलं असतं. त्या दिवसाची सही त्याच दिवशी घ्या आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

उड्या ताज्याही हव्यात. तीन वर्षांपूर्वी शंभर पुऱ्या केल्या आणि मग एकही नाही, असं लॉगबुक बघून जाणकार भुवया उंचावतोच. अर्जाच्या वर्षात किमान उन्हाळाभर तरी नियमित उड्या असाव्यात.

पहिल्या उडीचा वर्ग आणि साहित्य

आधी बेस उडी केली नसेल तर अनुभवी प्रशिक्षकाकडे पहिल्या उडीचा वर्ग करावा लागतो. त्यात उडी सोडणं, पॅराशूटची घडी आणि साहित्याची ओळख असते.

स्कायडाइव्हिंगचं साहित्य घेऊन पुलावर जाता येत नाही. बेसचं पॅराशूट सात कप्प्यांचं, मोठं, संथ आणि लवकर उघडणारं असतं. त्याला बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट, पायलट शूट, नेहमीपेक्षा बरंच मोठं असतं, कारण कमी वेगातही त्याला हवा पकडता आली पाहिजे. दोन-तीन सेकंदांतच उघडायचं असेल तर उघडण्याचा वेग कमी करणारा स्लायडर काढून ठेवतात. हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड, घोटा सांभाळणारे बूट आणि पाण्यात तरंगायला जाकीट घ्या. साहित्य भाड्यानं मिळू शकतं, पण घडी मात्र स्वतः घालायला शिका. पहिल्या वेळी मला एका घडीला दोन तास लागले. गुडघे टेकून एकेक कप्पा सारखा करायचा, मधल्या दोऱ्या मध्येच आहेत ना हे बोटांनी चाचपायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

ब्रिज डेला १९८३, १९८७ आणि २००६ मध्ये उडी मारणाऱ्यांचे मृत्यू झाले. २००६ मध्ये गेलेले ब्रायन शुबर्ट ६६ वर्षांचे होते. १९६६ मध्ये एल कॅपिटनवरून पॅराशूटनं उडी घेणाऱ्या पहिल्या दोघांपैकी ते एक. त्यांचं पॅराशूट फार उशिरा उघडलं. या क्षेत्रातल्या आद्य माणसालाही त्या आठ सेकंदांनी सवलत दिली नाही, हे अर्ज करणाऱ्या प्रत्येकानं मनाशी धरावं.

अर्जाबरोबर आणि प्रवासाला लागणारे कागद

आयोजकांसाठी पारपत्र, पॅराशूट संघटनेचा परवाना, लॉगबुक, प्रशिक्षण झाल्याचा पुरावा आणि दायित्वमुक्तीचं पत्र, ज्याला तिथे सगळे वेव्हर म्हणतात. या वेव्हरवर सही करून, मला अपघात झाला तर आयोजकांवर, राज्यावर किंवा उद्यान विभागावर दावा लावणार नाही, असं तुम्ही लिहून देता. घरच्यांसमोर बसून ते वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी आईला मराठीत समजावून सांगितलं. ती रात्रभर झोपली नाही, पण तिला अंधारात ठेवून गेलो नाही.

अमेरिकेचा व्हिसा बी-२ प्रकारचा. मोबदला न घेता हौशी म्हणून क्रीडा कार्यक्रमात भाग घेणं त्यात बसतं. डीएस-१६० अर्ज ऑनलाइन भरायचा, २०२३ पासून शुल्क १८५ डॉलर आहे, मुंबईत बोटांचे ठसे आणि मुलाखत बीकेसीत. मुलाखतीच्या तारखा खूप पुढच्या मिळतात, म्हणून ऑक्टोबरला जायचं तर आदल्या वर्षीच अर्ज टाका. "कशासाठी चाललात?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. नोंदणीचा ईमेल, लॉगबुकाच्या प्रती, कंपनीचं रजेचं पत्र, बँकेचं विवरण आणि आयकर विवरणपत्र जवळ असू द्या.

विम्याच्या कागदात वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात आणि तिथल्या रुग्णालयाचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. साहित्य स्वतःचं असेल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना त्यावर शुल्काचा प्रश्न येत नाही. दोऱ्या कापायची आकडी सुरी चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत सापडली तर जप्त होईल. सुरक्षा तपासणीला पॅराशूट उघडायला सांगू शकतात, तेव्हा हातात वेळ ठेवा आणि समोर उभे राहा.

तिकीट काढताना नीट बघा: फेयटव्हिलजवळचं मोठं शहर चार्ल्सटन, पण त्याच नावाचं शहर साउथ कॅरोलायनातही आहे आणि फेयटव्हिल नॉर्थ कॅरोलायना आणि आर्कान्सातही. तुम्हाला वेस्ट व्हर्जिनियाच हवं. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. २००१ मध्ये, आणि पुढे २०२० व २०२१ मध्ये ब्रिज डे रद्द झाला होता.

आणि कोकणकडा?

हा प्रश्न हमखास येतो. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही. शिवाय पहिली उडी कड्यावरून मारूच नये. पॅराशूट उलट्या दिशेनं उघडलं तर कड्यावर समोर खडक असतो, पुलाखाली मोकळी हवा असते. कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा कसा आहे, हे तिथे पालापाचोळा टाकून बघितलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्या दिवशी

आदल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्र आणि कागद दाखवा आणि सूचना ऐकायला बसा. पुलावर सकाळी चांगलीच थंडी असते आणि रांग लांब असते, तेव्हा उतरल्यावर बदलायला कोरडे कपडे कुणाकडे तरी देऊन ठेवा. प्रेक्षकांना पाठीवरच्या पिशव्या पुलावर नेता येत नाहीत, हे सोबत आलेल्यांना आधीच सांगा. रांगेत पुढे सरकताना माझा हात तीनदा पाठीमागे गेला, पायलट शूटची मूठ जागेवर आहे ना म्हणून. मागच्या बाईंनी न सांगता माझ्या पट्ट्या तपासल्या, मी माझ्या पुढच्याच्या तपासल्या. तिथली पद्धतच तशी आहे, आणि तुम्हीही ती पाळा. वारा बरोबर वाटला नाही तर रांगेतून बाजूला व्हा. कुणी काही म्हणत नाही.

नदीत उतरलात तर पॅराशूट स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, उन्हात कापड कमजोर होतं. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस त्यासाठी मोकळा ठेवा. ओलसर घडी तीस तास बॅगेत राहिली की बुरशी धरते.