पाटीचा दगड : अस्सल आणि नकली

पाटीचा दगड किंवा स्लेट हा बारीक चिखलापासून बनलेला, पातळ व सपाट फळ्यांत फुटणारा रूपांतरित खडक आहे. घरात तो फरशी, पायऱ्या, भिंतीचे क्लॅडिंग, ओटा आणि छप्पर यांसाठी वापरतात. त्याच्या रंगरूपाची नक्कल करणारी पोर्सलीन टाइल, फायबर सिमेंटच्या छपराच्या पट्ट्या, लॅमिनेट आणि व्हिनाइल यांना दुकानात सरसकट ‘स्लेट फिनिश’ म्हणतात. मात्र ही सामग्री एकमेकींपासूनही फार वेगळी आहे. त्यामुळे ‘अस्सल घ्यावा की नकली’ या प्रश्नाचे उत्तर जागा आणि वापर पाहूनच देता येते.

समुद्रतळाशी साचलेल्या चिखलाचा आधी शेल हा थरांचा मऊ खडक बनतो. पुढे पर्वतनिर्मितीच्या वेळी तो दाबला गेला की त्यातील अभ्रक व क्लोराइट (एक हिरवट खनिज) यांचे सूक्ष्म पापुद्रे दाबाच्या दिशेला काटकोन करून समांतर बसतात. म्हणून स्लेट साचण्याच्या मूळ थरांना धरून फुटतेच असे नाही. ती या नव्या दिशेने फुटते. या गुणाला पाटन म्हणतात. खाणीवरचा कारागीर रुंद, पातळ पात्याची छिन्नी ठोकळ्याच्या कडेला लावून हलकेच ठोकतो, आणि काही मिलिमीटर जाडीची फळी अलगद सुटते. कार्बनमुळे स्लेट काळी-करडी, क्लोराइटमुळे हिरवट आणि हेमॅटाइट या लोहखनिजामुळे लालसर-जांभळी दिसते. पायराइटचे (लोह व गंधकाच्या खनिजाचे) कण असले तर पावसापाण्याने ते गंजतात आणि भिंतीवर तांबूस ओघळ उतरतात.

वायव्य वेल्समधील पेनरिन, दिनोरविक आणि ब्लायनाय फेस्टिनियोग येथील खाणींनी १९व्या शतकात इंग्लंडसह अनेक देशांतील घरांवर छपरे चढवली. त्या प्रदेशाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज छपराच्या स्लेटचे सर्वांत मोठे उत्पादन स्पेनमध्ये होते. भारतात हिमाचलातील कांगडा व चंबा येथील जुन्या घरांवर स्लेटची छपरे आहेत. हरियाणातील कुंड, राजस्थान आणि आंध्र प्रदेशातील मार्कापूर येथूनही दगड निघतो. मार्कापूर एकेकाळी शाळेच्या पाट्यांसाठी प्रसिद्ध होते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा असल्याने घरकामाची स्लेट मुख्यतः परराज्यांतून येते.

नक्कल करणाऱ्यांत पहिला मोठा टप्पा ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांचा. त्यांनी १९०१ मध्ये सिमेंट व ॲस्बेस्टॉसच्या पातळ पट्ट्यांचे पेटंट घेतले. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक ठरल्यावर अनेक देशांत ते वगळून दुसरे तंतू वापरले जाऊ लागले; परंतु जुन्या छपरांत ते अजून असू शकतात, म्हणून अशा पट्ट्या घरच्या घरी कापू वा फोडू नयेत. घराच्या आतल्या फरशीसाठी आज पोर्सलीन टाइल आघाडीवर आहे. तिचे पाणी शोषण ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसते आणि दगडाचे चित्र वरच्या थरावर डिजिटल यंत्राने छापलेले असते. दगडाचा पातळ पापुद्रा काढून मागे फायबरग्लास व रेझिन लावलेले ‘स्टोन व्हिनियर’ अस्सल आणि नकली यांच्या मधले आहे. त्याचा चेहरा खरा दगडच असतो, पण दगडाची जाडी व ताकद त्यात नसते.

आपल्याकडे खरी फसगत पोर्सलीनने होत नाही, कडप्प्याने होते. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडक आहेत. काळ्या कडप्प्याला तेल पाजले की तो स्लेटसारखा दिसतो, आणि तशाच नावाने विकलाही जातो. पारख सोपी आहे. कोपऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला तर चुनखडक फसफसतो. चांगली स्लेट जवळजवळ गप्प राहते. म्हणूनच कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू, चिंच किंवा आमसुलाचे पाणी सांडले की चट्टा पडतो, तर स्लेट पूर्वी प्रयोगशाळांच्या टेबलांना वापरत असत. थिनरचे फडके घासून काळेपणा उतरत असेल, तर तो रंगाचा वा तेलाचा आहे.

अस्सल स्लेटमध्येही प्रत फार बदलते. अमेरिकी मानकात छपराच्या सर्वोत्तम प्रतीला (‘एस-१’) ७५ वर्षांहून अधिक आयुष्य धरले आहे आणि तिचे पाणी शोषण ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सर्वांत खालच्या प्रतीचे आयुष्य २० ते ४० वर्षेच धरतात. जुनी कसोटी अशी: फळी अर्धी पाण्यात उभी करून रात्रभर ठेवावी. पाणी वरच्या कोरड्या भागात फारसे चढले नाही, तर दगड दाट आहे. बोटाच्या पेराने वाजवल्यावर तो खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत भेग असते. टाइल ओळखायची तर कड पाहावी. स्लेटचा रंग आरपार असतो, टाइलचे अंग बहुधा वेगळ्या रंगाचे असते. शिवाय दहा-पंधरा टाइल जमिनीवर मांडल्या की तीच रेष, तोच डाग पुन्हा दिसू लागतो.

आपण घरात अनवाणी वावरतो, फडक्याने फरशी पुसतो. त्यामुळे उठावदार, फोडलेल्या पृष्ठाची स्लेट दिवाणखान्यात घालणे योग्य वाटत नाही: खाचांत धूळ बसते आणि पोछा अडकतो. तेथे घासून सपाट केलेली स्लेट किंवा टाइल बरी. स्वयंपाकघरात स्टीलचे डबे ओढले की स्लेटवर ओरखडे उठतात, पण बारीक पॉलिश पेपरने ते घालवता येतात. टाइलवर सहसा ओरखडा उठत नाही. मात्र टवका उडाला की आतले अंग उघडे पडते आणि टाइलच बदलावी लागते. देवघरासमोर समईचे तेल सांडत असेल तर सीलर लावल्याशिवाय स्लेट घालू नये. न्हाणीघरात तिची पकड चांगली, पण बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार गडद रंगावर उठून दिसतात. अंगण, ओसरी, पायऱ्या आणि कंपाउंडची भिंत येथे मात्र दाट, पायराइटविरहित अस्सल स्लेटच घ्यावी. पावसाळ्यात ती भिजून गडद होते, उन्हात पुन्हा उजळते. हे छापील चित्राला जमत नाही.

फोडलेल्या स्लेटची जाडी सारखी नसते, म्हणून ती सिमेंट-वाळूच्या जाड मालावर एकेक फळी सांभाळत बसवावी लागते. मजुरी त्यामुळे वाढते. टाइलला सपाट कोबा व ॲडहेसिव्ह पुरते. उंच भिंतीवर जड दगड केवळ ॲडहेसिव्हवर न सोडता क्लॅम्पने धरावा. कापताना मात्र दोन्हींतून सिलिकाची धूळ उडते. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरची पेन्सिल बनवणाऱ्या कामगारांत सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला, तो याच धुळीमुळे. ओट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या क्वॉर्ट्झच्या कृत्रिम दगडात सिलिका आणखी जास्त असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. साइटवर कटर चालवताना पात्यावर पाणी सोडलेले असावे आणि मिस्त्रीच्या तोंडावर रुमालाऐवजी धूळरोधक मास्क असावा. ही अट कामाच्या बोलणीतच ठरवून घ्यावी.