काउंट बदलला हे कळतं कसं? स्वेल्ट कंपायलरच्या पोटात

स्वेल्ट हे वेबपानं बनवण्याचं साधन; त्याचा कंपायलर तुमचा कोड ब्राउझरला कळणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये बदलतो. ‘स्वेल्टला रनटाइम, म्हणजे पान चालताना सोबत लागणारा मदतीचा कोड, लागतच नाही’ हे वाक्य फ्रंटएंडवाल्यांच्या तोंडी हमखास असतं. ते खरं नाही. कंपायलरने तयार केलेली जावास्क्रिप्ट उघडली, की सुरुवातीलाच ‘स्वेल्ट/इंटर्नल’मधून छोटी छोटी फंक्शन्स इम्पोर्ट केलेली दिसतात. ही फंक्शन्स म्हणजेच रनटाइम. लहान आहे, पण आहे. ‘शून्य’ म्हणून ढोल पिटण्यापेक्षा हा कंपायलर खरोखर काय करतो ते पाहावं, कारण ते फार सुंदर आहे.

रिच हॅरिस यांनी २०१६ मध्ये स्वेल्ट आणलं. इथे आवृत्ती ४ धरली आहे. रोजच्या कामात कंपायलरला व्हीट किंवा रोलअप या कोड बांधणाऱ्या साधनांचं प्लगइन हाक मारतं, म्हणून तो दिसत नाही. पण त्याला थेट बोलावणं अगदी सोपं आहे. एनपीएम या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने स्वेल्टची आवृत्ती ४ बसवा, ‘स्वेल्ट/कंपायलर’मधून ‘कंपाइल’ हे फंक्शन घ्या, पहिल्या जागी कंपोनंटचा (पानाच्या एका सुट्या तुकड्याचा) मजकूर स्ट्रिंग म्हणून द्या आणि दुसऱ्या जागी पर्याय. परत एक ऑब्जेक्ट मिळतो. त्यात जेएस, सीएसएस, वॉर्निंग्ज आणि वाक्यरचनेचं झाड असतं. जेएस आणि सीएसएस या दोन्हींत कोड आणि सोर्स मॅप (तयार कोडातली ओळ मूळ मजकुरात कुठे आहे ते सांगणारा नकाशा) असे भाग असतात. ‘जनरेट’ या पर्यायाला ‘डॉम’ दिलं की ब्राउझरसाठीचा कोड मिळतो, ‘एसएसआर’ दिलं की सर्व्हरवर एचटीएमएल तयार करणारा.

आता एक बटण घ्या. त्यावर काउंटचा आकडा आहे आणि दाबलं की ‘काउंट += १’ चालतं. कंपायलर या कंपोनंटचे दोन मुख्य तुकडे करतो. ‘इन्स्टन्स’मध्ये तुमची स्क्रिप्ट जाते आणि शेवटी एक ॲरे (क्रमाने लावलेली मूल्यं, मोजणी शून्यापासून) परत येतो. त्यात शून्याव्या जागी काउंट असतो, पहिल्या जागी क्लिकचं फंक्शन. ‘क्रिएट फ्रॅगमेंट’मध्ये एका अक्षराची फंक्शन्स असतात: सी म्हणजे घटक तयार करणं, एम म्हणजे पानावर बसवणं, पी म्हणजे बदल करणं, डी म्हणजे काढून टाकणं.

तुमची ‘काउंट += १’ ही ओळ मात्र जशीच्या तशी राहत नाही. कंपायलर तिच्याभोवती ‘इनव्हॅलिडेट’ची हाक गुंडाळतो: ‘शून्याव्या जागचं मूल्य बदललं, हे घ्या नवं.’ ती हाक एका पूर्णांकातला एक बिट (० किंवा १ असा दुहेरी अंक) पेटवते, म्हणजे १ करते. शून्याव्या जागेचा बिट १, पहिल्या जागेचा २, दुसऱ्या जागेचा ४. शून्यावं आणि दुसरं मूल्य बदललं तर तो ‘डर्टी’ आकडा होतो ५. मग पी फंक्शन प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतं: ‘डर्टी & १’ शून्य आहे का? (‘&’ दोन्ही आकड्यांत पेटलेले बिटच राखतं.) नसेल तर बटणावरचा मजकूर बदला. पहिल्या जागेसाठी ५ & २ केलं तर उत्तर शून्य येतं, म्हणून त्या घटकाला हातही लागत नाही. पानाची जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून फरक शोधण्याची गरजच उरत नाही. कुठलं मूल्य कुठे दिसतं हे कंपाइल होतानाच ठरलेलं असतं. शिवाय हे काम लगेच होत नाही, मायक्रोटास्कच्या, म्हणजे चालू कोड संपताच उरकायच्या कामांच्या, रांगेत जातं. एका क्लिकमध्ये तीन मूल्यं बदलली तरी पान एकदाच बदलतं.

एका पूर्णांकात बिट किती? जावास्क्रिप्टमध्ये बिटची गणितं ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकावर होतात, पण स्वेल्ट ३१च वापरतं. ‘काहीच बदललेलं नाही’ या अवस्थेची खूण त्याने −१ ठेवली आहे आणि −१ मध्ये सगळे ३२ बिट पेटलेले असतात. ३१ बिट पेटले तर आकडा २१४७४८३६४७ होतो, −१ कधीच होत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. ‘डर्टी’ खरं तर अशा पूर्णांकांचा ॲरे आहे; बत्तिसावं मूल्य आलं की त्यात दुसरा पूर्णांक सुरू होतो.

सगळं असाइनमेंटवर, म्हणजे बरोबरच्या चिन्हाने मूल्य देण्यावर, बेतलेलं असल्यामुळे एक खोड राहते. यादीवर ‘पुश’ केलं तर त्यात बरोबरचं चिन्हच नाही. कंपायलर काही गुंडाळत नाही आणि पान ढिम्म हलत नाही. खाली ‘यादी = यादी’ लिहिलं की चालतं. तोच ऑब्जेक्ट असूनही? हो, कारण तुलना करणारं फंक्शन ऑब्जेक्टला कायम ‘बदललेला’ मानतं. आतून तो बदलला नाही, याची खात्री देणं महाग पडतं.

थेट वापरताना अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. कंपाइल लगेच उत्तर देतं, पण त्याआधी मजकुरावर प्रक्रिया करणारं ‘प्रीप्रोसेस’ प्रॉमिस देतं, म्हणजे उत्तर नंतर येतं. तिथे ‘अवेट’ विसरलात की कोड अनडिफाइंड राहतो आणि कंपाइल ‘टेम्प्लेट स्ट्रिंगच हवी’ म्हणून अडतं. टाइपस्क्रिप्ट असेल तर आधी प्रीप्रोसेस लागतंच. व्याकरण चुकलं तर कंपाइल एरर फेकतं, तो वॉर्निंग्जमध्ये शोधू नका; ट्राय-कॅच लावा. त्या एररमध्ये ओळ १ पासून मोजलेली असते आणि स्तंभ ० पासून. सीएसएस ‘एक्स्टर्नल’ (जेएसबाहेर वेगळं) ठेवलंत तर सीएसएसचा कोड स्वतः फाइलमध्ये लिहायचा, नाहीतर पान उघडंबोडकं दिसतं.

‘कस्टम एलिमेंट’ हा पर्याय सुरू केला की हाच कंपोनंट कोणत्याही साध्या एचटीएमएल पानावर टॅग म्हणून वापरता येतो. टॅगच्या नावात जोडरेघ हवी, हा ब्राउझरचाच नियम आहे. आणि एचटीएमएलमधून येणारं ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेलं मूल्य) नेहमी मजकूर असतं. टॅगमध्ये काउंट ५ दिला आणि एकदा बटण दाबलं, तर ‘काउंट += १’चं उत्तर ६ नाही, ५१ येतं. कंपोनंटच्या पर्यायांत त्या प्रॉपचा (बाहेरून मिळणाऱ्या मूल्याचा) प्रकार ‘नंबर’ लिहिला, की ६ येतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती ५ ने हे बिट काढून सिग्नल्स (बदलल्यावर स्वतःच कळवणारी मूल्यं) आणले. तिथे ‘स्टेट’ रून (कंपायलरसाठीची खूण) लावलेल्या यादीवर ‘पुश’ केलं तरी पान बदलतं.